मागच्या डब्यातला गार्ड

पितांबर तायडेला लिलाबाईने लग्नाच्या पहिल्याच वर्षी हट्टी म्हटलं होतं, आणि तो शब्द परत घ्यायची वेळ त्या बिचारीवर पुढे कधी आली नाही. माणूस तसा गरीब. जळगावात पाटबंधारे खात्यात टायपिस्ट, सरळ नाकासमोर चालणारा, साहेबाने दोनदा टाइप करायला लावलं तरी हूं की चूं न करणारा. पण आगगाडीचा विषय निघाला की संपलं. मग त्याच्यापुढे साहेब नाही, सासरा नाही.

त्याचं गाव पहूर. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी गाडी, जिला सगळा मुलूख पीजे म्हणतो, ती त्याच्या शेताच्या बांधाजवळून जायची. वाफेचं काळं, बुटकं इंजिन, मागे चार डबे आणि वळणावर अशी शिट्टी की औत ओढणारे बैलसुद्धा थांबून ऐकायचे. शिट्टी झाली की त्याची आई भाकरी टाकायला बसायची. नव्वदच्या सुमारास ती इंजिनं गेली, डिझेल आलं, आणि पितांबरच्या लक्षात आलं की आपल्याकडे त्या इंजिनाचा एकही फोटो नाही. ओळखीत कुणाकडेच नाही. लोकांनी लग्नाचे फोटो काढले, बारशाचे काढले, पण रोज दारावरून जाणाऱ्या गाडीचा फोटो काढायचं कुणाला सुचतं हो? ती काय कुठे जाणार आहे, असं वाटतं. आणि ती जाते.

आता पाकिटाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या पाकिटाचं आहे. खान्देशात रेल्वेच्या वेडाने झपाटलेली आठ-दहा माणसं होती. कुणी धुळ्याला, कुणी शिंदखेड्याला, कुणी बोदवडला. त्यांनी आपसात एक पाकीट फिरतं ठेवलं होतं. जाड खाकी पाकीट, आत प्रत्येकाचा एक फोटो. पाकीट आलं की आपला जुना फोटो काढून घ्यायचा, नवा टाकायचा, आणि रजिस्टर्ड पोस्टाने पुढच्याकडे रवाना करायचं. गंमत होती ती फोटोच्या पाठीवर. फोटोवाल्याने पाठीवर फक्त आपलं नाव लिहायचं. गाडी कोणती, जागा कोणती, हे बाकीच्यांनी पेन्सिलीने लिहायचं, भांडायचं, एकमेकांना मूर्ख ठरवायचं. फोटो फेरी पुरी करून घरी येईपर्यंत त्याच्या धन्याने तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता. या दंडकापायी शिंदखेड्याच्या एका सभासदाने आपल्याच गाडीबद्दल पाठीवर धादांत चुकीचं लिहिलेलं महिनोन् महिने मुकाट सोसलं होतं.

मंडळाचे म्होरके भाईदासनाना. धुळ्याच्या देवपुरात राहणारे, रिटायर गार्ड. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. नोकरीत आपल्यामुळे गाडी मिनिटभर जरी खोळंबली तरी वहीत स्वतःच्या हाताने 'गार्डाची चूक' असं लिहिणारा माणूस. दुसरे गार्ड इंजिनावर ढकलायचे, सिग्नलवर ढकलायचे, नाना नाही. म्हणून नानांचा शब्द मंडळात काळ्या दगडावरची रेघ.

आणि या नानांचं पितांबरशी वाकडं होतं. कारण पितांबर पाकिटात खऱ्या गाड्यांचे फोटो टाकतच नव्हता. ज्या इंजिनाचा फोटो नाही ते आपण करायचं आणि त्याचा फोटो काढायचा, असं त्याने ठरवलं होतं. पावडरच्या रिकाम्या डब्याचा बॉयलर, बहिणीच्या शिलाई मशीनच्या बॉबिनची चाकं, सायकलचे स्पोक सरळ करून रूळ. लिलाबाईच्या पेटीतली कात्री गायब व्हायची ती पत्रा कापून बोथट होऊनच परत यायची. पहिली काही इंजिनं, खोटं कशाला बोला, पावडरच्या डब्यासारखीच दिसायची. नाना त्या फोटोंच्या पाठीवर एकच शब्द लिहायचे, 'खेळणं'. बोदवडचा औषधवाला चुडामण, जो नाना शिंकले तरी मान डोलवायचा, त्याखाली लिहायचा, 'सहमत'.

मग एका फेरीत नानांनी पाकिटात चिठ्ठीच टाकली. दिवाळीनंतर आपल्या घरी मंडळाची बैठक आहे, तिथे हात वर करून ठराव होईल, यापुढे पाकिटात फक्त खऱ्या गाड्या. बालवाडी भरवायची असेल त्याने वेगळं पाकीट काढावं.

पितांबरच्या ते काळजाला लागलं. इतर कुणाला वाटेल, यात एवढं काय? पण त्याच्या लेखी ते पाकीट म्हणजेच त्या गाड्यांचं उरलेलं आयुष्य होतं. ज्यांना कळतं अशी माणसं ते बघतात, त्यावर भांडतात. पाकिटात आपल्या पीजेला जागा नाही म्हणजे ती दुसऱ्यांदा भंगारात गेली. लिलाबाईला तो म्हणाला, "आता असं इंजिन करतो की नाना त्याला खेळणं म्हणूच शकणार नाहीत."

सगळा पावसाळा त्याने त्यात घातला. ऑफिसातून आला की चहा घ्यायचा आणि बसायचा. रिव्हेटच्या जागी टाचणीची डोकी. रुळाखाली गावच्या बांधावरची माती, चाळून. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काटक्यांच्या बाभळी. धुरासाठी कापूस पिंजून त्याला दिव्याची काजळी लावली. मागच्या डब्याच्या दारात गार्ड म्हणून आगपेटीची काडी उभी केली, पांढरी रंगवून, तिला ब्लाउजपीसच्या चिंधीची झेंडी. ती काडी काही केल्या सरळ राहीना, एका अंगाला कलायची. शेवटी कंटाळून तशीच चिकटवली. मग स्टुडिओवाल्या वनाकडून चांगला कॅमेरा आणि जवळचं टिपणारी काच मागून आणली, गच्चीवर फळी मांडली, मागे खरं आभाळ घेतलं आणि पोटावर पालथं पडून फोटो काढला. वनाने धुऊन दिला तेव्हा पितांबरने तो उजेडात नेऊन पुन्हा बघितला. गाडी येत होती. शिट्टी तेवढी ऐकू यायची बाकी होती.

फोटोच्या पाठीवर त्याने दंडकाप्रमाणे फक्त नाव लिहिलं आणि पाकीट रवाना केलं.

पाकीट फिरून आलं ते नेहमीपेक्षा पुष्कळ उशिरा. पितांबरने फोटो उलटा केला. चुडामणने नानांची वाट न पाहता प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. आणि त्याखाली नानांचं अक्षर, चांगलं ओळीमागून ओळ. 'पीजे. शेंदुर्णीच्या अलीकडचं वळण. मागच्या डब्याच्या दारात उभा आहे तो मी. झेंडी डाव्या हातात धरायची माझी सवय बठ्ठ्या लाइनीला, स्टेशनमास्तरापासून हमालापर्यंत, माहीत होती. हा फोटो कुणी काढला मला ठाऊक नाही, पण त्याचं भलं होवो. तायडेने अखेर खेळणी सोडली, त्याचं अभिनंदन.'

पितांबर घरात नाचायचाच बाकी राहिला. लिलाबाईला बोलावून त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. आता बैठकीत गाडीचं खोकं न्यायचं, ठरावाच्या वेळी उघडायचं आणि नानांना त्यांचंच अक्षर वाचून दाखवायचं. काडीला नाना स्वतःला समजून बसले! सभेत कुणाला हसू आवरणार नाही.

लिलाबाई हसली नाही. तिने फोटो हातात घेऊन ती काडी बघितली आणि म्हणाली, "तुम्हाला गाडी पाकिटात घालायची आहे की नानांना तोंडावर पाडायचंय? आधी ते ठरवा."

पितांबर चिडला, जेवला नाही, पण बोलणं डोक्यातून जाईना. गप्प बसावं, तर ठराव होणार आणि पीजे कायमची बाहेर. चारचौघांत बोलावं, तर म्हाताऱ्याची आयुष्यभराची पत मातीत. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी हट्टी माणसाने हट्टी माणसासारखाच मार्ग काढला. गाडी पाकिटात जाणार म्हणजे जाणार, पण नानांना आधी एकट्याला गाठून तोंडावर सांगायचं. मग त्यांनी जोड्याने मारलं तरी चालेल.

बैठकीच्या दिवशी तो पहिल्या एसटीने धुळ्याला निघाला, मांडीवर खोकं घेऊन. खड्डा आला की दोन्ही हातांनी ते उचलून धरायचा. शेजारच्या बाईने अंडी आहेत का विचारलं, तर हो म्हणाला.

नानांच्या घरी पोचला तेव्हा अजून कुणी आलं नव्हतं. नाना मागे आंघोळीला होते. भागाबाईंनी, नानांच्या कारभारणीने, चहा ठेवला आणि कौतुकाने भिंतीकडे बोट दाखवलं.  पितांबरने पाठवलेला गाडीचा फोटो भिंतीवर होता. नानांनी धुळ्यात तो मोठा करून घेतला होता, जाड चौकटीत, काच लावून. पाकिटाला उशीर का झाला ते आता कळलं.

भागाबाई सांगत होत्या की नोकरीभर हे म्हणायचे, मी झेंडी दाखवल्याशिवाय इंजिनाची हिंमत नाही हलायची. त्यांना थापा वाटायच्या. त्या कधी त्या लाइनीवर गेल्याच नव्हत्या, पोरं, सासू, म्हशी यातून सवड कुठे? नवऱ्याला कामावर त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते या फोटोत. म्हणाल्या, "आता आल्यागेल्याला यांना दाखवते. हाऊ मना मालक शे."

आल्या पावली परत फिरावं, असं पितांबरला वाटलं. चहाचा कप खाली ठेवून तो उठलाही. पण तेवढ्यात नाना डोकं पुसत बाहेर आले, त्याला बघून खूश झाले, पाठीवर थाप मारली आणि विचारलं, तो फोटो मिळाला कुणाकडून?

 भागाबाई आत गेल्यावर पितांबरने खोकं जमिनीवर ठेवलं आणि उघडलं.

नाना आधी उभ्यानेच बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. इंजिन बघितलं, कापसाचा धूर बघितला, बाभळी बघितल्या. नजर डब्यांवरून मागे मागे जात दारातल्या गार्डावर येऊन थांबली. बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"काडी शे ही?"

"हो नाना. आगपेटीची."

"आणि झेंडी डाव्या हातात?"

"काडी कलत होती, झेंडी त्या अंगाला आली. मी तशीच चिकटवली." मग पितांबरने राहिलेलंही बोलून टाकलं. तुम्हाला खोटं पाडायला नाही आलो, पण ही गाडी पाकिटातून बाहेर जाऊ देणार नाही. तुम्ही म्हणाल तर तुमचं लिहिणं मी कुणाला दाखवणार नाही. पण ठरावाला मी उभा राहून विरोध करणार, एकटा पडलो तरी करणार.

नानांचा चेहरा लाल झाला होता. भिंतीकडे बघत ते म्हणाले, "बाहेर ओट्यावर जाऊन बस."

पितांबर ओट्यावर बसला. एकेक सभासद येऊ लागला. चुडामण आल्या आल्या चौकटीपुढे उभा राहून वाहवा करू लागला. नाना हूं हूं करत होते. खोकं झाकून कोपऱ्यात सरकवलेलं होतं, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पितांबरही आत येऊन बसला. चिवडा झाला, चहा झाला, आणि ठरावाची वेळ आली. चुडामणने सवयीने ठराव वाचला आणि सवयीनेच हात वर केला. पितांबर उठणार, तोच नाना उठले.

त्यांनी खोकं खोलीच्या मधोमध आणून ठेवलं, गाडी दोन्ही हातांनी बाहेर काढली आणि भिंतीवरची चौकट उतरवून तिच्या शेजारी टेकवली. लोकांना क्षणभर काही कळेना. मग एकेकाची मान फोटोकडून गाडीकडे आणि गाडीकडून फोटोकडे फिरू लागली. चुडामणचा हात हळूच खाली आला.

नानांनी गार्डाचा आवाज लावला. "अर्धी नोकरी मी या गाडीच्या मागच्या डब्यात काढली. त्या मला ही खरी वाटली. नुसती वाटली नाही, मी तिच्यात उभा होतो असं मी लिहून दिलं. आता हिला खेळणं म्हणायचं असेल, तर मला आंधळा म्हणावं लागेल." मग चुडामणकडे वळून म्हणाले, "ठराव खोड. आणि खाली लिही, गार्डाची चूक."

कुणी हसलं नाही. चुडामणने लिहिलं.

भागाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पितांबरची मान वर होईना. आपली गाडी राहिली, पण या बाईचं जे घेतलं ते कुठून भरून देणार?

भागाबाई पुढे आल्या, चौकटीकडे त्यांनी बघितलंही नाही. गाडीपाशी बसल्या आणि मागच्या डब्याच्या दारात निरखून पाहू लागल्या.

"मग तुम्ही नाही हे?" त्यांनी विचारलं.

"नाही," नाना म्हणाले.

"पण असेच उभे राहायचे ना?"

"असाच."

त्यांनी मान हलवली आणि पितांबरला म्हणाल्या, "भाऊ, मग याला टोपी घाला. टोपीबिगर हे एक दिवससुद्धा कामावर गेले नाहीत."

पितांबरने मान वर केली. त्याने खिशातून टाचणी काढली, चिवड्याच्या पुडीच्या कागदाचा बारीक तुकडा फाडला, आणि चुडामणकडे डिंक मागितला. नाना चष्मा लावून शेजारी येऊन बसले, टोपी जराशी उजवीकडे कललेली हवी म्हणून.