वाहत्या पाण्याची निवळी

मी जाळी बोलतेय. वैष्णवीची, ओढ्यातले किडे धरायची. नीट बघितलंत तर माझ्या कडेला गुलाबी फुलांची पट्टी दिसेल, कारण जन्मानं मी मच्छरदाणी. याच वैष्णवीला तान्ही असताना माझ्या आत झोपवायचे. पुढं उंदरांनी मला कुरतडलं आणि तिची आई सुनिता माझं पायपुसणं करायला निघाली. तेवढ्यात वैष्णवी आडवी आली. मग सुनितानंच जाड तार गोल वाकवली, मला तिच्यावर शिवलं आणि बांबूचा दांडा दिला.

जन्मभर किड्यांना बाहेर ठेवलं, आणि म्हातारपणी किडे आत घ्यायची नोकरी लागली. देवाची करणी, दुसरं काय!

वैष्णवी बीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. पाटोद्याकडच्या ओढ्यांत कोणकोणते पाणकिडे राहतात, याची नोंद करणं हा तिचा अभ्यास. माझ्यात आलेले बहुतेक किडे ती परत सोडायची. थोडे स्पिरिटच्या बाटलीत जायचे. बाटलीत गेलेला किडा जरा वेळ पाय हलवतो आणि थांबतो. ते मला कधीच बघवलं नाही. वैष्णवीही त्या वेळी दुसरीकडे बघायची.

आमच्या गावाखाली ओढ्याला एक वळण होतं. वर करंजाची सावली, खाली गोटे, आणि त्यांच्यावरून खळखळणारं घोटाभर पाणी. तिथं मला फिरवताना एक निवळी माझ्यात आली. लांब तंगड्यांची, पाण्यावर पळणारी. कॉलेजातल्या सरांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, ही जात मराठवाड्यात आजवर कुणी नोंदवलेली नाही. वैष्णवी एसटीतून उतरली ती गालातल्या गालात हसतच.

तिचे चुलते राधाकिशन तात्या म्हणजे गावचे पुढारी. त्यांनी मोबाइलवरचा फोटो बघितला आणि मांडीवर थाप मारली.

"अगं, ही तर आपली निवळी! नवी कशाची? आमी बारकं असताना गिळलीय की. वाहत्या पान्यातली जिती निवळी गिळल्याबिगर या गावात कोन पवायला शिकलंय?"

"गिळली?" वैष्णवीनं तोंड वाकडं केलं.

"मंग? पोटात जाऊन ती पाय मारती अन् मानूस तरंगतं. साचल्या पान्यातली चालत न्हाई हां."

शास्त्राला जी आत्ता सापडली, ती हे गाव पिढ्यान्‌पिढ्या गिळत आलं होतं! त्या दिवशी घरात सगळे पोट धरून हसले.

मग ओढा खोल करायचं निघालं. मारुतीच्या पारावर सभा भरली. जेसीबीनं ओढा रुंद आणि खोल केला की पाणी अडेल, मुरेल, विहिरींना येईल. यात खोटं काही नव्हतं. वैष्णवीला एवढंच सांगायचं होतं की करंजाखालचं वळण तेवढं सोडा, गोट्यांवरचं वाहतं पाणी गेलं की ही निवळी जाईल. वाटेत तिनं ते वाक्य घोकलं होतं. मी तिच्या खांद्यावरच होते, सगळं ऐकत होते.

ती उभी राहिली. तेवढ्यात दगडाबाई बोलल्या. ऊसतोडीवरून नुकत्याच परतलेल्या, पायांच्या भेगासुद्धा अजून भरल्या नव्हत्या. "बायांनो, औंदा तरी टँकरमागं पळायची पाळी नगं." बायांनी माना डोलावल्या.

"काय गं वैष्णवे, बोल की," तात्या म्हणाले.

"काही न्हाई, तात्या." ती खाली बसली. माणसं तहानलेली असताना किड्याचं काय बोलायचं, असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन वळणावर गेली. "नमुने तरी राहतील," असं पुटपुटली. एरवी सोडून देणारी पोर त्या दिवशी एकही निवळी सोडेना. आणि मी? मी गपगुमान भरत गेले. फाटायचं होतं तर तेव्हा फाटायला हवं होतं मी. नोंद झाली म्हणजे जात वाचली, अशी आम्ही दोघींनी स्वतःची समजूत घालून घेतली.

जेसीबी आला. गोट्यांचे ढीग काठावर पडले, करंजही गेला. पावसाळ्यात ओढा काठोकाठ भरला. बायांनी पाण्याची ओटी भरली, तात्यांनी नारळ फोडला. दगडाबाईंच्या दारातले भरलेले हंडे बघून वैष्णवीला आनंद झाला, खरंच झाला. पण ओढ्याकडे तिला बघवेना. तिचा लेख छापून आला तेव्हा सुनितानं पेढे आणले. वैष्णवीनं अर्धाच खाल्ला.

परवा तात्या नातीचं, तेजश्रीचं बोट धरून दारात आले.

"वैष्णवे, जाळी घे अन् चल. आमचं वासरू पडलतं ओढ्यात, पानी लई खोल झालंय. हिला पवायला शिकवायचं हाय. एक निवळी धरून दे."

वैष्णवीचा चेहरा उतरला. तरी ती आली. तिनं मला पाण्यातून ओढलं, पुन्हा ओढलं, मग कडेकडेनं फिरवलं. माझ्यात आला गाळ आणि डासांच्या वळवळत्या अळ्या. ज्यांना अडवायला माझा जन्म झाला, त्याच! लाजेनं मेले मी.

"न्हाई, तात्या. तिला वाहतं पानी लागतं, गोटे लागतात. वळण गेलं तशी तीबी गेली."

"मंग तुझ्या बाटलीतली दे एखादी."

"मेलेल्या हायत त्या."

तात्या पाण्याकडे बघत राहिले. तेजश्री त्यांचा सदरा ओढत होती. "आबा, कुटं हाय निवळी?"

"तुला आधीच ठावं होतं?" त्यांनी वैष्णवीला विचारलं.

तिनं होकाराची मान हलवली.

"मंग कावून न्हाई सांगितलंस त्या दिशी? एवढंसं तर वळण. बाजूनं खांदलं असतं की!"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी नातीच्या पाठीला रिकामा डबा बांधला आणि तिला पाण्यात उतरवलं. वैष्णवी मला छातीशी धरून काठावर बसून राहिली. माझ्यातलं पाणी निथळून गेलं तरी मी ओलीच होते.

आता मी खुंटीला आहे. वरच्या वस्तीवरचा ओढाही खोल करायचा म्हणतात, सोमवारी सभा आहे. तिथं अजून गोटे आहेत, खळखळ आहे. वैष्णवी सकाळपासून रिकाम्या बाटल्या पुसतेय आणि मधूनच माझ्याकडे बघतेय.

बाई माझे, मला खुंटीवरून काढ. पण या खेपेला आधी ओढ्यावर नको नेऊस. आधी पारावर ने.