देवमाशाचं दूध

शहापूरच्या विणकर आळीत एक खेळ चाले. एकानं मागावरून प्रश्न फेकायचा, दुसऱ्यानं धोटा चालू ठेवूनच उत्तर द्यायचं. ज्याचा माग थांबला, तो हरला. परशरामअण्णाचा माग कधीच थांबला नव्हता. खडेबाजारात कुणी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचू लागलं, की हा कान टवकारून उभा. आपल्या पोरांनी जर्मनीला हॉकीत कशी धूळ चारली म्हणा, आफ्रिकेतली जनावरं म्हणा, सगळं जिभेवर.

पण दिवाळीत धाकट्या भावानं, यल्लाप्पानं, आळीदेखत सांगितलं, की देवमासा पिलांना दूध पाजतो. अण्णा भडकला. "मासा आन् दूध? उद्या म्हशीला कल्ले फुटतील! थोरल्याची चेष्टा करतोस व्हय रं?" दोन्ही घरांत भिंत एकच, पण त्या दिवसापासून बोलणं बंद. असलं भांडण शहाण्यांनाच जमतं, वेड्यांचं ते काम नव्हे.

आता यल्लाप्पाच्या मालूचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि घरच्या रिवाजानं नवरीचं लुगडं थोरल्या चुलत्यानंच विणायचं. "आबा, थोरल्या काकांनी माझं लुगडं घेतलं का मागावर?" असं पोरीनं विचारलं, की यल्लाप्पा मान खाली घालून उगाच सूत गुंडाळत बसायचा. पाया पडायला जावं, तर अण्णा दार लावून घेई.

शेवटी यल्लाप्पानं युक्ती काढली. चुकीचं ऐकलं की अण्णाला गप्प बसवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. भिंतीकडे तोंड करून तो मुद्दाम ओरडला, "हॉकीत गडी नऊ असत्यात!"

पलीकडं खटक-खटक चालूच.

"शहामृग उडत उडत आफ्रिकेतनं हिकडं येतंय!"

धोटा जरासा अडखळला, पुन्हा चालू झाला.

यल्लाप्पाला रडू फुटायचंच बाकी राहिलं. आपलं खरं होतं, पण ते खरं घेऊन काय चाटायचंय?

"अण्णा, तुझंच बरोबर. देवमासा दूध पाजत न्हाय."

पलीकडचा माग थांबला.

भिंतीपलीकडून अण्णाचा आवाज आला. "पाजतोय, येड्या. दिवाळी झाल्या झाल्या मास्तराला इचारून आलतो."

"मग बोलला का न्हाईस रं अण्णा?"

"कुठल्या तोंडानं बोलू?" अण्णा खाकरला. "मालूला घिऊन ये हिकडं. लुगडं होत आलंय, पदर तेवढा ऱ्हायलाय. रंग कुठला घालू, ते तिलाच इचारतो."