केळीच्या धाग्याची पर्स

नेवाशाच्या बसस्टँडमागं बजरंगचं चपलांचं दुकान होतं. वडलांकडून आलेलं काम त्यानं असं नावारूपाला आणलं होतं, की नवरदेवाचे जोडे त्याच्याकडूनच घ्यायचे, असा आसपासच्या गावांत रिवाजच पडून गेला. चामड्यावरून नुसता अंगठा फिरवला तरी ते कुठल्या जनावराचं, हे तो सांगे. त्याची मुलगी धनश्री पुण्यात फॅशनचं शिकून मुंबईच्या एका महागड्या पर्सांच्या कंपनीत लागली, तेव्हा आपलंच काम मोठ्या घरी नांदायला गेलं, असं वाटून त्यानं गल्लीत पेढे वाटले होते.

तीच धनश्री दिवाळीत नोकरी सोडून आली. जेवताना म्हणाली, "आबा, मी माझ्या नावानं पर्स काढणार आहे. पण चामड्याच्या नाही."

"मग कशाच्या?"

"केळीच्या खोडाच्या धाग्याच्या. राहुरीकडं केळी काढली की खोडं बांधावर कुजत पडतात. त्यांचा धागा काढून कापड विणतात."

"आन चामड्यानं काय घोडं मारलं?"

धनश्रीनं घास ताटात ठेवला. "कंपनीत बाहेरच्या देशातनं चामडं यायचं. सगळ्यात मऊ, सगळ्यात महाग ते कोवळ्या वासराचं. मी त्याच्यावर हात फिरवायचे आणि रात्री जेवण जायचं नाही. नंतर चामडं कमावायचा कारखाना बघितला. तिथला ओढा रसायनांनी निळा वाहत होता."

बजरंग म्हणाला, "म्हंजी आमी जल्मभर केलं ते वंगाळच म्हन की."

"असं कुठं म्हटलं मी?"

पण तो हात धुवायला उठला होता. दुकानामागच्या खोलीत तिनं टेबल मांडलं, शिलाईयंत्र आणलं, तरी तो तिकडं फिरकला नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं, तर "चाललंय तिचं कायतरी," म्हणून तो मान खाली घाली.

एका दुपारी मात्र आतून यंत्र थांबल्याचा आणि काहीतरी आपटल्याचा आवाज आला. त्यानं डोकावलं. पर्सचा पट्टा उसवून धनश्रीच्या हातात आला होता आणि तिचे डोळे भरले होते.

"आन इकडं," तो म्हणाला. त्यानं आरी घेतली, भोकं पाडली, मेणदोऱ्याऐवजी तिचा सुती दोरा ओवून सुरेख टीप घातली आणि ऐटीत पट्टा ओढून दाखवला. पट्टा भोकांच्या रेघेवरच टर्रकन फाटला. आरीच्या धारेनं कापडातले धागे तुटले होते.

बजरंगचे कान तापले. "माज्या हातनंच वाया गेलं."

"माझे कितीतरी गेलेत आबा," धनश्री म्हणाली. "बसा ना. बघू दोघं मिळून."

तो बसला. आरीचं टोक दगडावर घासून त्यानं बोथट केलं, म्हणजे धागे तुटायच्या ऐवजी बाजूला सरतील. कापडाला आतून अस्तर द्यायचं तिनं ठरवलं. चिकटवायला त्यानं सरसाचा डबा पुढं केला, तर ती म्हणाली, "त्यात जनावरांची हाडं असतात."

"अगं, मग तुजं जमायचं तरी कसं?" तो वैतागून म्हणाला आणि दोघांनाही हसू फुटलं. शेवटी गव्हाची खळ शिजवली. दिवेलागणीला पट्टा पक्का झाला. त्या दिवसापासून बजरंग सकाळी दुकान आणि दुपारी मागची खोली, असा बसू लागला.

उन्हाळ्यात मुंबईहून धनश्रीच्या ओळखीची रेश्मा आली. मोठ्या हॉटेलांतल्या दुकानांना ती माल पुरवी. पर्स तिनं उलटीपालटी करून पाहिल्या. "सुंदर आहेत गं. पण चमक नाही. वर प्लॅस्टिकचा पातळ थर दे. नाव केळीचंच ठेव, जनावराचं काही नाही, व्हीगन आहे म्हणून सगळेच विकतात. मी आजच ऑर्डर देते."

बजरंग दारात चहा घेऊन उभा होता. पोरीची पहिलीच ऑर्डर. ती हो म्हणेल, असं त्याला वाटलं, आणि म्हणाली असती तरी त्यानं तिला दोष दिला नसता.

"नको ताई," ती हळूच म्हणाली. "माझ्या वडलांनी कधी रेग्झिनला चामडं म्हणून विकलं नाही. मी प्लॅस्टिकला केळी कशी म्हणू?"

बजरंगनं चहाचा ट्रे स्टुलावर टेकवला आणि पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेला. डोळे पुसून तो परत आला, तेव्हा रेश्मा दोन पर्स पिशवीत ठेवत होती. ऑर्डर दिली नव्हती. "दुकानात ठेवून बघते," एवढंच बोलली.

महिन्याभरानं तिचा फोन आला. एक पर्स एका बाईनं भाचीच्या लग्नात मिरवायला नेली होती, रेश्मा आणखी थोड्या पाठव म्हणाली. फार नव्हत्या, पण दोघांना महिनाभर पुरेल एवढं काम होतं.

त्याच दिवशी एक म्हातारा तुटक्या चामडी वहाणा घेऊन दुकानात आला. बजरंगनं त्या घेतल्या आणि जरा अवघडून मुलीकडं पाहिलं. "ह्या शिवू का नको?"

"शिवा की आबा. आहेत त्या टिकल्या तर नव्या कशाला लागतील?"

"व्हय, ते बी खरंच हाय," म्हणत त्यानं म्हाताऱ्याला बसायला पाट सरकवला आणि दोरा ओवायला घेतला.