पूर्ण शुद्धीत

टाइप केलेला कागद तिने कंपनीच्या साहेबांच्या टेबलावर परत सरकवला.

"ही प्रत झाली. मूळ कागद दाखवा."

"मजकूर तोच आहे, वहिनी."

वहिनी म्हणे! तीन महिने तिचा फोन उचलला नाही, आणि आज सही हवी तर लगेच वहिनी.

प्रतीत दोनच वाक्यं होती. 'खोलीतलं ऑक्सिजनचं यंत्र मी माझ्या हाताने बंद केलं. मी पूर्ण शुद्धीत आहे.' खाली तिच्या नवऱ्याचं नाव. कंपनीच्या साडेपाच हजार मीटरवरच्या हवामान केंद्रात तो मेकॅनिक होता. यंत्र बंद पडलं आणि शेजारच्या पलंगावरचा त्याचा जोडीदार झोपेतच गेला. दुसऱ्या दिवशी साहेब वर पोचले, ते आधी जबाब घ्यायला. नवऱ्याला खाली आणलं त्यानंतर दोन दिवसांनी. आता चौकशीच्या अहवालावर त्याने सही केली की सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटणार होतं आणि कंपनी हात झटकून मोकळी.

तो शेजारी बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली. खाली आल्यापासून गॅसवर चहा ठेवून आंघोळीला जायचा. मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारायचा. त्या खोलीतलं तर काहीच आठवत नव्हतं. जे वाचून दाखवलं, तीच त्याची आठवण झाली होती. जोडीदाराच्या आईला तोंड दाखवायचं कसं, म्हणून तिच्या गल्लीतून जाणंही त्याने सोडलं होतं.

"करू दे ना मला सही," तो पुटपुटला. "मीच बंद केलं असणार. लिहून दिलंय मी."

"तू गप्प बस," ती म्हणाली आणि साहेबांकडे वळली. "यंत्र मधेच बंद पडतं, दुसरं पाठवा, असं हा दोन महिने कळवत होता. पाठवलंत?"

"तशी कुठे नोंद नाही."

"कशी असेल? नोंद ठेवणारे तुम्हीच! मूळ कागद आणा, नाहीतर मी इथून हलत नाही."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग नाइलाजाने कपाटातून फाइल काढली.

"मोठ्याने वाचा. त्यालाही ऐकू दे."

"यंत्र मी माझ्या हाताने बंद केलं," साहेब भरभर वाचू लागले. "मी पूर्ण शुद्धीत आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे. यंत्र मी माझ्या... मी पूर्ण शुद्धीत आहे..."

ते थांबले. "पुढे तेच आहे."

तिने वाकून पाहिलं. पानभर तेच होतं. ओळी उताराला लागल्या होत्या आणि शेवटच्या तीन ओळींतल्या अक्षरांवर रेघच नव्हती. ज्याच्याकडून शाळेत फळ्यावर सुविचार लिहून घ्यायचे, त्या माणसाचं हे अक्षर! 

नवऱ्याने मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज कामावरच्या माणसाचा झाला.

"कोणाचं आहे हे?"

त्याने कागदावर बोट ठेवलं.

"अहो, कोणाचंही असो, याला आधी खाली उतरवा! एकच वाक्य दोनदा आलं की समजायचं, डोक्याला ऑक्सिजन पोचत नाहीये; माणसाला उचलायचं आणि खाली न्यायचं. बाकी सगळं नंतर. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो. आणि याचा जबाब कसला धरताय? डोंगर तू हलवलास का विचारलं असतं, तर तेही लिहून दिलं असतं याने." तो खुर्चीतून उठला. "समोर बसून पानभर लिहून घेणारा कोण हा नालायक? माणूस मरतोय हे दिसत नव्हतं त्याला?"

साहेबांनी फाइल मिटली.

तिने ती त्यांच्या हाताखालून ओढली आणि नवऱ्यापुढे उघडून ठेवली.

"खाली 'समक्ष' लिहिलंय बघ," ती म्हणाली. "तिथलं नाव वाच."