शेवटचे पान हळू वाजवायचे होते

मित्रांनो, मी एक जुने हस्तलिखित आहे. पियानोच्या एका रचनेची सहा पाने, तीही कोपरे दुमडलेली. माझ्यावर सूर आहेत आणि सुरांखाली बारीक खुणा आहेत: इथे जोरात वाजवा, इथे हळू. त्या खुणांपायीच माझ्या जन्माचे मातेरे झाले.

मला लिहिणाऱ्या संगीतकाराची बायको घरात मोकळ्या गळ्याने गुणगुणत असे. तिची एक सुरावट त्याने पहिल्या पानावर घेतली आणि खाली खूण केली, जोरात. पुढे ती अंथरुणाला खिळली. मग तेच सूर मागच्या खोलीच्या बंद दारातून जेमतेम ऐकू येत. म्हणून शेवटच्या पानावर सूर तेच आले, खूण मात्र अगदी हळूची. ते पान पुरे झाले त्याच आठवड्यात ती गेली.

नंतर माझी रवानगी छापखान्यात झाली. तिथला कारागीर धातूच्या पत्र्यावर सूर उलटे कोरत असे. "अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण चाल गोड आहे हो," असे तो म्हणाला, तेव्हा मला फार बरे वाटले. त्याची रीत अशी, की आधी सगळे सूर कोरायचे आणि खुणा शेवटी एका बैठकीत ठोकायच्या. शेवटच्या पत्र्यावर त्याला ओळखीची सुरावट दिसली. माझ्याकडे न बघताच त्याने पहिल्या पानावरची खूण तिथे ठोकून दिली.

प्रूफ घरी आले. ताडून बघण्यासाठी सोबत मीही आले. संगीतकाराच्या मुलीने खुर्ची जवळ ओढली.

"बाबा, जुन्या पानांशी एकदा ताडून बघू या का? तुम्ही वाचा, मी बघते."

"अगं, मला सगळं पाठ आहे. तुझ्या आईचं गाणं मी विसरेन होय?"

तो विसरला नव्हता, हीच तर अडचण होती. कानात होते तेच त्याने कागदावर वाचले. शेवटचे पान तो अगदी हळू गुणगुणला आणि खाली 'तपासले, बरोबर आहे' असे लिहून सही केली. प्रूफसोबत मलाही परत छापखान्यात धाडले. छापील प्रत हाती यायच्या आत तोही गेला.

मुलीने ती प्रत उघडली आणि शेवटचे पान बघून रडली. पुढे ती पियानो शिकवू लागली. शेवट ती हळूच शिकवायची आणि परीक्षक दर वर्षी तिच्या विद्यार्थ्यांचे गुण कापायचे. मला मागायला ती तीनदा छापखान्यात आली. "जुने कागद आम्ही ठेवत नाही, बाई," असे तिला सांगणाऱ्याच्या पाठीमागच्या फळीवर मी पडून होते. मला हाक मारता येत नाही, याचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

छापखाना बंद पडला तेव्हा कागदांच्या ढिगात मी तिला सापडले. तोवर तिचे केस पांढरे झाले होते. नवी आवृत्ती काढणाऱ्या संपादकाकडे ती मला घेऊन गेली. त्याने भिंग लावून पाहिले आणि खूण हळूचीच आहे हे मान्य केले. मग तिने सोबत आणलेले त्याच ढिगातले प्रूफ त्याने पुढे ठेवले.

"ताई, ही त्यांचीच सही ना? म्हणजे त्यांनी नंतर विचार बदलला."

"नाही हो बदलला. मी शेजारी बसले होते."

"तसं लिहून ठेवलंय का कुठे?"

लिहिलेले कुठेच नव्हते. नव्या आवृत्तीतही 'जोरात'च राहिले. माझ्या वाट्याला फक्त एक तळटीप आली: रचनाकाराने ही खूण पुढे स्वतःच बदलली.

तेव्हा तिच्याकडे एकच विद्यार्थिनी उरली होती. परीक्षा तोंडावर आली होती. मी पियानोवरच होते.

"शेवट जोरात वाजव," ती म्हणाली.

"बाई, तुम्ही तर हळू सांगायचात."

"पुस्तकात आहे तसं वाजव. उगाच गुण जातील तुझे."

विद्यार्थिनीने दणक्यात वाजवले. बाई शेवटपर्यंत बसून राहिल्या आणि "छान" म्हणाल्या.

मित्रांनो, त्या आता नाहीत. मी एका ग्रंथालयाच्या खोक्यात आहे, मला कोणी मागवत नाही. माझे काही बदलणार नाही, ते मी सोडून दिले आहे. तुम्ही मात्र जी गोष्ट तोंडपाठ आहे, तीच आधी ताडून बघा. शेजारी कोणी ताडून बघायला तयार असेल, तर त्याला नको म्हणू नका. सही एकदा झाली, की चूकही तुमच्याच नावावर खरी ठरते.