दिव्यावर हात

"अख्खा कारखाना सायकलवर जातो, कोणाला लागत नाही, आणि तुलाच बरा डोक्यावर सूर्य लागतो रे!" ताई दारातूनच ओरडली. "मामंजी काल गेले ते आलेच नाहीत, रुसून बसले असणार धाकट्या दिरांकडे. तुझ्यामुळे! आता मी घरात कोणत्या तोंडाने वावरू?"

"गेले तर गेले. रुसायला त्यांना कारण कधी लागलंय?" तिचा भाऊ सर्चलाइट बुटाची नाडी ओढत म्हणाला. नाडी तुटली. मग तो नाडीवरच डाफरला.

"दिरांना फोन केलास?" त्याने खाली बघतच विचारलं.

"तिकडे फोन उचलतंय कोण! मागच्या वेळीही असेच न सांगता गेले, आणि आले ते हसत. पण या वेळी भट्टीला दांडी मारून गेलेत. असं कधी करत नाहीत ते. काय बोललास काल त्यांना?"

"काही नाही बोललो."

हे मात्र खरं होतं. तो बोलला काहीच नव्हता.

सर्चलाइट हे नाव त्याला कारखान्याने दिलेलं. काचेचा कारखाना; हा कापलेल्या काचांच्या कडा घासायचा. थंडी सुरू होताना हमरस्त्यावर एका टेम्पोने समोरून येऊन त्याला घासून उडवलं होतं. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणतो काय, "अरे, दिसलाच नाहीस!" एवढा हाडामासाचा माणूस, वर तोंडाचा पट्टा चालू, आणि दिसला नाही! कोपर बरं व्हायच्या आत याने हेल्मेटवर बसणारा दिवा आणला. असा दिवा, की पेटवला की समोरच्या भिंतीवरची मुंगी मोजावी. आता बघू कोणाला दिसत नाही ते.

आता सगळ्यांना दिसायला लागला, आणि तिथेच वांधा झाला. घरी येताना कालव्याचा बांध लागतो. रस्ता अरुंद, दिव्याचा एक खांब नाही. दिवसपाळीवाले येतात, रातपाळीवाले जातात, आणि अंधारून येताना बांधावर गाठ पडते. समोरून सायकल आली की दोघांनी आपापल्या दिव्यावर तळवा धरायचा आणि घंटी एकदा वाजवायची. म्हणजे, दिसलास, जा बाबा. हे कोणी कोणाला शिकवत नाही. बांधावर दोन दिवस गेलं की येतं. याचा दिवा पडला डोक्यावर. तिथे हात न्यायचा म्हणजे सायकल झोकांड्या खाते. म्हणून याने हात धरणंच सोडलं. मान वळवील तिकडचा माणूस आंधळा. मग पोरांनी ठरवलं, सर्चलाइट सगळ्यांच्या मागे राहील.

रातपाळीत सगळ्यांच्या मागे असायचे भट्टीकाका, म्हणजे ताईचे सासरे. भट्टीच्या तोंडाशी जन्म गेलेला, त्यामुळे डोळे आधीच अधू. झगझगीत काही सोसायचं नाही. त्यांच्या सायकलला जुना डायनॅमो होता. चाक फिरेल तसा त्यांचा पिवळा दिवा कमीजास्त व्हायचा, पेंगणाऱ्या माणसाच्या पापणीसारखा. म्हणून या दोन शेपटांची गाठ रोज बांधाच्या वळणावर पडायची आणि रोज काका एकच ओरडायचे, "दिव्यावर हात धर, गाढवा!"

काल ते ओरडले आणि याचं टाळकं सटकलं. याने मुद्दाम मान वर केली आणि सगळा झोत त्यांच्या तोंडावर मारला. तोंड कागदासारखं पांढरं झालं. डोळे घट्ट मिटलेले. हा पुढे निघून गेला.

मागे घंटी वाजली नाही.

दिवसभर तो काचा घासत होता आणि ती न वाजलेली घंटी ऐकत होता. घासायच्या चाकाची एवढी खरखर, पण त्यातही ती बरोबर ऐकू यायची, म्हणजे यायची नाही. काचेच्या कडेत दोनदा ते पांढरं तोंड दिसलं. तिसऱ्यांदा बोट कापलं.

"काय रे सर्चलाइट, बल्ब गेला का आज?" बाजूच्याने विचारलं. एरवी हा त्याच्या अंगावर गेला असता. आज बोटाला चिंधी गुंडाळत बसला.

संध्याकाळी पोरं पुढे गेली. हा मागे, दिवा लावून. धुकं उतरलं होतं. वळणाच्या अलीकडे त्याला डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळा दिवा दिसला. कमी, जास्त. कमी, जास्त.

"आले!" याच्या जिवात जीव आला. "काका, कुठे होता हो?" म्हणत त्याने मान तिकडे वळवली.

तिथे कोणी नव्हतं. झोतात नुसतं पांढरं धुकं, भिंतीसारखं. मान फिरवली की कोपऱ्यात परत पिवळं लुकलुकायचं. झोत नेला की गायब. पाय म्हणत होते पळ. पण पळून जायचं तर घरीच, आणि घरी ताई.

तो उतरला. हेल्मेट काढून पोटाशी घेतलं आणि दिव्यावर तळवा दाबला. पहिल्यांदाच. बोटं लालभडक पेटल्यासारखी झाली, मग हळूहळू अंधार आपापल्या जागी आला.

पिवळा दिवा रस्त्यावर नव्हताच. खाली होता, कालव्याच्या उतारावर, लव्हाळ्यात.

सायकल चालत नाही, मग डायनॅमोचा दिवा पेटतो कसा? मग त्याला पाण्याचा आवाज आला. आज कालव्याला पाण्याची पाळी. काल कोरडा होता. सकाळी पोरं याच बांधावरून गेली, हाही गेला, पण धुक्यात लव्हाळ्यात कोण डोकावतंय! आता पाणी सुटलं होतं, उलट्या पडलेल्या सायकलच्या चाकाला ढकलत होतं आणि चाक दिवा पेटवत होतं. पाणी चढेल तसा दिवा जास्त पिवळा होत होता.

"काका!"

तो उताराच्या कडेला वाकला.

"काका, हात धरलाय हो दिव्यावर! बघा ना!"

लव्हाळ्यातून घंटी वाजली. एकदाच, अर्धवट, चिखल भरल्यासारखी.

दिसलास.

त्याने ताईला फोन लावला.

"आता काय आणखी?" ती फणकारली.

"ताई, मामंजी कुठे गेले नाहीत. कालव्यात पडलेत, वळणावर. मी पाडलंय. भावजींना दोर घेऊन पाठव, पाण्याची पाळी आहे, फाटकवाल्याला सांग पाणी बंद कर म्हणून."

"काय? अरे, जिवंत आहेत ना? बोल की! जिवंत आहेत ना ते?"

"घंटी वाजवली त्यांनी. ताई, ठेवतो. पाणी चढतंय, मला आता खाली उतरायलाच हवं."