अठ्ठ्याहत्तर वर्षांची चूक

"नुसता आकडा लिहू नकोस, गोविंदा. आधी 'शके' लिही. पुढे कुणीतरी घोळ घालेल."

गोविंदाचा सोबती जनार्दन याने हा इशारा दिला तेव्हा मी बडोद्यात मकरपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये टेबलावर पालथी पडले होते. गोविंदाने कानामागची पेन्सिल काढली होती आणि माझ्या पोटाच्या लाकडावर तो माझे जन्मसाल लिहीत होता. "माझ्याशिवाय कोण उघडणार आहे हिला?" असे म्हणून तो हसला आणि त्याने पेन्सिल परत कानामागे खोचली. मलाही जनार्दनचे बोलणे उगाचच वाटले. आम्ही दोघांनीही ते कानाआड केले, आणि पन्नास वर्षांनी त्याच एका शब्दापायी गोविंदाला घर सोडायची वेळ आली.

मित्रांनो, मी एक जुनी पेडल स्टील गिटार आहे. गिटार म्हटले की तुम्ही खांद्याला अडकवायचे वाद्य डोळ्यांपुढे आणाल. मी तशी नाही. मला चार पाय आहेत. माझ्यापुढे स्टुलावर बसावे लागते, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवावी लागते, उजव्या हाताने तार छेडावी लागते आणि पायाने खालची पेडल दाबावी लागतात. पेडल दाबले की आतली सळई तार ओढते आणि सूर वळत वळत वर चढतो. गळ्यातून निघाल्यासारखा. पहिल्यांदा बघणाऱ्याला मात्र मी शिलाई मशीनची बहीण वाटते. दांडिया बाजारातल्या मथुराबाईंनी तर मला बघताच विचारले होते, "गोविंदा, यावर ब्लाउजही शिवून मिळतात का रे?"

माझा जन्म अमेरिकेतला. मेपलचे लाकूड, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, दहा तारा, तीन पेडल. कारखाना उभारायला बडोद्यात आलेला एक इंजिनीअर मला बोटीने घेऊन आला. इथल्या दमट हवेत माझी एक सळई अडकली, तेव्हा त्याने फिटर गोविंदाला बोलावले. गोविंदाने दोन दिवसांत नवी सळई घडवली आणि तिसऱ्या दिवशी माझ्यावर एक भजन वाजवून दाखवले. इंजिनीअर मायदेशी निघाला तेव्हा मला त्याच्याकडेच ठेवून गेला. "ही एकाहत्तर सालची आहे, तरुण आहे, सांभाळ," एवढेच सांगून गेला.

गोविंदाच्या घरी मुलांचा जन्म शालिवाहन शकात लिहीत. गुढीपाडव्याला बदलते ना, ते पंचांगातले साल. त्याच्या आईने सगळ्या भावंडांची सालं तशीच लिहून ठेवली होती. रोज सकाळी पूजेच्या संकल्पात चालू शके मोठ्याने म्हणायची त्याला लहानपणापासून सवय. मग माझे साल तरी तो इसवी सनात कसे लिहिणार? मी घरचीच झाले होते. त्याने पंचांग बघून लिहिले, १८९३.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षे माझी फार चैनीत गेली. गणपतीत मांडवात, लग्नात ऑर्केस्ट्रात, नवरात्रात तर गरब्याच्या ढोलाशी माझी झटापट. लोक तोंडात बोट घालून माझ्या पेडलांकडे बघत. कौशल्याकाकू, म्हणजे गोविंदाची बायको, कार्यक्रमाहून आल्यावर माझ्या तारा मऊ फडक्याने पुसायच्या आणि म्हणायच्या, "अहो, हिला आधी झाका, मग जेवायला बसा." पुढे काकू गेल्या. गोविंदाची बोटे आखडली. माझे पाय काढून मला पेटीत घातले आणि पेटी पलंगाखाली गेली. एका उन्हाळ्यात त्या पेटीवर पापड वाळत घातले होते. मी तक्रार करत नाही. पापडांनाही जागा लागतेच.

गोविंदाचे आता गोविंदराव झाले आहेत. ऐंशीला टेकले आहेत. मुलगा अमोघ कारखान्यात, सून उत्कर्षा घरून काम करते, आणि चार वर्षांची अवनी दिवसभर आजोबांच्या मागे. मागच्या श्रावणात गोविंदरावांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. हात सुधारला, पाय सुधारला, शब्द मात्र अडकू लागले. पाणी हवे असले की ते "पंखा" म्हणत आणि स्वतःवरच चिडत. पाठ असलेले तेवढे न अडखळता निघे. सकाळचा संकल्प पूर्वीसारखाच खणखणीत. पण त्या वेळी घरात कुकरच्या शिट्ट्या, अवनीची आंघोळ, अमोघची कंपनीची बस. ऐकायला असे कोण? पलंगाखाली मी.

दिवाळीनंतर एकदा ते अवनीला घेऊन पाव आणायला गेले आणि परत येताना चौकात थांबले. रिक्षावाल्याला पत्ता सांगता येईना. अर्धा तास तसेच उभे होते, नातीचा हात घट्ट धरून. शेवटी ओळखीच्या दुकानदाराने घरी आणून सोडले. त्या दिवसापासून उत्कर्षा अवनीला त्यांच्यासोबत बाहेर सोडेना. ती वाईट नाही हो. पोरीच्या काळजीने तिची झोप उडाली होती. गॅसचे बटण, दाराची कडी, बाल्कनीचे गज, सगळे ती तीन-तीनदा बघायची.

ते दोघे गोविंदरावांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे काय झाले ते परत आल्यावर पलंगावर बसून उत्कर्षाने फोनवर आपल्या आईला सांगितले.

"डॉक्टरांनी विचारलं, काका, हल्ली कोणतं साल चालू आहे? तर म्हणाले, एकोणीसशे सत्तेचाळीस! अगं, तीनदा विचारलं, तीनदा तेच. आणि वर ओठांशी बोट नेऊन श्श, श्श करत होते. डॉक्टरांनाच गप्प बसवत होते. डॉक्टर म्हणाले, जुन्या काळात अडकलेत, आता एकटं सोडू नका."

मित्रांनो, मी पेटीत तळमळले. पण कुणी छेडल्याशिवाय मला आवाज नाही.

मग ठरले. रविवारी गोविंदरावांना पादरा गावाजवळच्या एका वृद्धाश्रमात न्यायचे. "तिथं चोवीस तास माणसं असतात," अमोघ म्हणाला. बोलताना तो भिंतीकडे बघत होता. खोली रिकामी होणार म्हणून माझीही व्यवस्था लागली. लहरीपुऱ्याजवळ वाद्ये दुरुस्त करणारा भार्गव नावाचा तरुण मला न्यायला तयार होता, पण त्याची एक अट होती. आधी माझे वय कळायला हवे. माझे सुटे भाग सालाप्रमाणे बदलतात, चुकीच्या सालाचे मागवले तर बसत नाहीत.

शुक्रवारी दुपारी तो आला. मला पलंगावर उताणी ठेवून त्याने धूळ फुंकली. गोविंदराव खुर्चीत बसून बघत होते. अवनी त्यांच्या मांडीवर.

"काका, ही केव्हाची?" भार्गवने विचारले. गुजराती असला तरी गिऱ्हाइकांमुळे तो छान मराठी बोलतो.

"अठराशे," गोविंदराव म्हणाले, "अठराशे त्र्याण्णव. श्... श्..."

"हो बाबा, नाही बोलत आम्ही," उत्कर्षा हळूच म्हणाली आणि तिने भार्गवला डोळ्यांनी खूण केली.

भार्गव हसला. "अरे काका, विजेवर चालते ना ही! एटली जूनी होत तर कंदिलावर वाजवली असती." मग त्याने मला पालथी केली आणि त्याचे हसू थांबले. "बेन, इथे पण तेच लिहिलंय. पेन्सिलीने."

उत्कर्षा वाकून बघू लागली. १८९३.

"त्यांनीच लिहिलं असेल कधीतरी," ती म्हणाली. "म्हणजे हे आजचं नाहीच. आधीपासूनच..."

"माणसाने लिहिलेलं राहू दे. लोखंड खोटं बोलत नाही," म्हणत भार्गवने माझे आवाज कमी-जास्त करायचे बटण उघडले. बटणाच्या मागे पत्र्याची छोटी डबी असते, तिच्यावर आकडे ठोकलेले असतात. त्याने टॉर्च धरला. "१३७७११८. हे बघा, पहिले तीन आकडे डबी बनवणाऱ्या कंपनीचे. मग ७१, ते साल. शेवटचे १८, तो आठवडा. म्हणजे एकाहत्तरचा मे महिना. जोडणी मूळची आहे, कुणी हात लावलेला नाही. तेव्हा गिटार त्याच सुमाराची. एकोणीसशे एकाहत्तर. बस, पती गयुं, संपला विषय."

"म्हणजे बाबा किती चुकले?" उत्कर्षाने आपल्याशीच वजाबाकी केली. "अठ्ठ्याहत्तर."

ती उठली, डॉक्टरांचा कागद ठेवलेल्या कपाटापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. कागदावर डॉक्टरांनी लिहिले होते, "साल: १९४७ सांगतात." बराच वेळ ती ओठ हलवत उभी राहिली.

"भार्गवभाई, दोन हजार पंचवीसमधून एकोणीसशे सत्तेचाळीस गेले किती?"

"अठ्ठ्याहत्तर. का?"

"इथेही अठ्ठ्याहत्तरच! माणूस भ्रमात असला तर दोन वेळा मोजून तेवढाच कसा चुकेल?"

गोविंदराव खुर्चीतून पुढे झुकले होते. "श्... श्..." ते म्हणत होते आणि त्यांचे बोट भिंतीकडे होते. या वेळी उत्कर्षाने "हो बाबा" म्हटले नाही. ती बोटाच्या दिशेने गेली. भिंतीवर दिनदर्शिका होती, जिच्यावर ती दुधाचे खाडे आणि अवनीच्या लसी लिहायची. महिन्याच्या नावाखाली, तिने आजवर कधी न वाचलेल्या बारीक अक्षरांत छापले होते. तिने ते मोठ्याने वाचले.

"शके १९४७."

गोविंदरावांनी डोळे मिटले. "शके," ते म्हणाले. एकदाच, पण स्वच्छ.

"अगं बाई," उत्कर्षा त्यांच्या खुर्चीपाशी येऊन बसली. "बाबा, तुम्ही आम्हाला गप्प करत नव्हता."

"शके एटले? म्हणजे काय?" भार्गवने विचारले.

"जसं तुमचं संवत असतं ना भाई, तसं आमचं शके. घरात असून मला... बाबा, आणि ते चौकात? तुम्हाला घर आठवत नव्हतं?"

त्यांनी मान हलवली. एक हात कपाळाला लावला, मग ओठांकडे बोट नेले आणि बोट हवेत झटकले. डोक्यात होते, तोंडात येत नव्हते. अवनीने लगेच सांगून टाकले, "आजोबांनी माझा हात सोडलाच नव्हता. दुखला मला."

उत्कर्षाने तिथूनच अमोघला फोन लावला. मागे यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता.

"रविवारी पादऱ्याला जायचं नाही."

"अगं, पण गाडी सांगितलीये."

"नको म्हणून सांग. बाबा शुद्धीवर आहेत. आपल्यालाच साल वाचता येत नव्हतं. आणि ऐक, सोमवारी डॉक्टरांकडे परत जायचं. या वेळी मी सोबत कॅलेंडर नेणार आहे."

सोमवारी डॉक्टरांनी त्यांना पुन्हा तपासले, चित्रे दाखवली, बोटे मोजायला लावली, आणि तो पहिला शेरा खोडला. वाचा अडते आहे, समज शाबूत आहे, असे म्हणाले. आता बोलायचे व्यायाम शिकवायला एक ताई येते. गोविंदरावांच्या खिशात पत्त्याचे कार्ड असते. अवनीला घेऊन ते पावाच्या दुकानापर्यंत जातात. उत्कर्षा खिडकीतून बघते. तिची काळजी गेलेली नाही आणि ती जाऊही नये. "पंखा" अजून मधूनमधून निघतो, पण आता कुणी "हो हो" करून पुढे जात नाही. पाण्याचा पेला दाखवून विचारतात, "हे?"

मला भार्गवने नेले नाही. नव्या तारा मात्र त्याने बसवून दिल्या, साल बघून.

मित्रांनो, मी लाकडाची आणि लोखंडाची. माझे वय सांगायला माझ्या पोटात आकडे ठोकलेले आहेत, बटण उघडले की कळते. माणसाचे तसे नसते. तुमच्या इमारतीत, तुमच्या नात्यात कुणीतरी असेल, जे आजारपणानंतर थोडेच बोलते, ज्याच्या उत्तराला सगळे मान डोलावतात आणि विषय बदलतात. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन या. काय चालले आहे ते विचारा. उत्तर चुकीचे वाटले तर हसू नका, ते कोणत्या हिशेबाने बरोबर असेल ते शोधा.

आणि बेल वाजवल्यावर लगेच माघारी फिरू नका. त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो.